फेस बसायच्या आत

माझ्या जावेचा टीएसएच अडीच आला, त्या दिवशी मी जेवले नाही.

टीएसएच हा रक्तातला एक आकडा. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी काढून टाकली की माणूस उरलेलं आयुष्य रोजच्या एका गोळीवर चालतो. ती गोळी पुरते की कमी पडते, हे हा आकडा सांगतो. कमी पडली की तो चढतो. ज्यांच्या गळ्यावर माझ्यासारखी आडवी रेघ आहे त्यांना हे ठाऊक आहे. बाकीच्यांनी एवढंच लक्षात ठेवलं तरी पुढचं कळेल.

त्याच आठवड्यात माझा आकडा अकरा आला होता. वैशाली, म्हणजे माझी धाकटी जाऊ, वरच्या मजल्यावरून कागद घेऊन खाली आली आणि माझ्या पुढ्यात धरून म्हणाली, "वैनी, एकदम नॉर्मल आलं की." मी "छान" म्हटलं, तिला चहा दिला, आणि ती गेल्यावर ताट झाकून ठेवलं.

मी एका शाळेत ग्रंथपाल आहे. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर आजारपणावर मिळतील तेवढी पुस्तकं मी वाचली. त्यांत भीती होती, धीर होता, देवाचे आणि डॉक्टरांचे आभार होते. मत्सर कुठेच सापडला नाही. म्हणजे एक तर तो मला एकटीलाच झाला, किंवा बाकीच्यांनी लिहिला नाही. दुसरं खरं असेल तर हे कुणाच्या तरी उपयोगी पडेल, म्हणून लिहिते आहे. हळूहळू लिहिते, कारण मधेच थांबावं लागतं.

माठापाशी

गाठ विलासना दिसली. विलास माझे यजमान. चोवीस वर्षांच्या संसारात मी त्यांना नावाने कधी हाक मारली नाही. आता लिहिताना मारते आहे.

मी माठापाशी उभी राहून भांडं उंच धरून पाणी पीत होते. ते डबा भरून शिरोलीला निघाले होते. तिथल्या एका फौंड्रीत ते तपासनीस होते. "थांब, परत पी," ते म्हणाले. मी प्याले. "अजून एकदा." प्रत्येक घोटाबरोबर गळ्यात डाव्या बाजूला काहीतरी वर जाऊन खाली येत होतं. लोखंडाच्या ओतीव तुकड्यातला बारीक तडा बोटाने शोधणारा माणूस. त्यांनी माझ्या गळ्यावर बोट ठेवलं आणि त्या दिवशी कामावर गेले नाहीत.

वैशालीचं ऑपरेशन होऊन तेव्हा चारच महिने झाले होते. एका घरात दोघी जावा, रक्ताचं नातं नाही, आणि दुखणं एकच. आमच्या कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत याची बरीच थट्टा झाली. समोरच्या काकू म्हणाल्या, "यांच्या नळाला काय येतंय ते एकदा बघा." वैशालीने हसून घेतलं. मला हसता आलं नाही, कारण माझ्या सुईच्या तपासणीच्या कागदावर 'संशयास्पद' असा शब्द होता आणि तिच्या कागदावर तो नव्हता. मत्सराची सुरुवात तिथून झाली असं मला वाटतं. खरं तर सराव आधीचाच होता. तिला दोन मुली आहेत, आम्हाला मूल नाही. पण त्या मत्सराला मी इतकी वर्षं कपाटात घडी घालून ठेवलं होतं. हा नवा होता.

रिपोर्ट आला त्या संध्याकाळी विलासनी तो कागद तीनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला, जणू तो त्यांचा होता. वैशाली माझ्या शेजारी बसली. "एवढं काय न्हाय वैनी. गळ्याला शिवण पडती, आवाज चार दिवस घोगरा. तिसऱ्या दिवशी घरात. माझ्याकडं बघा की."

मी तिच्याकडे बघितलं. तेच तर दुखत होतं.

सहा दिवस

ती तिसऱ्या दिवशी घरी आली होती. मला सहा दिवस लागले.

ऑपरेशनची मला फारशी आठवण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओठांभोवती मुंग्या आल्या तेवढं लख्ख आठवतं. आधी वाटलं, नळीची पट्टी काढली त्याचं असेल. मग बोटांची टोकं झिणझिणायला लागली आणि दुपारी उजव्या हाताचा पंजा आपोआप आखडला, पक्ष्याच्या पायासारखा. सिस्टरने माझ्या गालावर कानापुढे बोटाने टिचकी मारली. ओठाचा कोपरा उडाला. तिने पुन्हा टिचकी मारली नाही, धावत गेली.

थायरॉइडच्या पाठीला मसुरीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी चिकटलेल्या असतात आणि रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनात कितीही जपलं तरी काहींच्या त्या दाण्यांना धक्का बसतो. त्यात माझं ड जीवनसत्त्व आधीपासूनच तळाला गेलेलं. पुस्तकांच्या खोलीत ऊन येत नाही, याचं मला त्याआधी कधी वाईट वाटलं नव्हतं. सलाइनमधून कॅल्शियम जात होतं, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की वैशालीला हे काहीच झालं नाही.

त्या सहा दिवसांतल्या चांगल्या गोष्टीही लिहायला हव्यात. वॉर्डातल्या मावशी रोज सकाळी माझे केस विंचरून द्यायच्या, गळ्याला धक्का लागू नये म्हणून वेणी उजव्या खांद्यावर पुढे घ्यायच्या. विलास पहिली पाळी संपवून थेट यायचे, त्यांच्या शर्टाला भट्टीचा वास असायचा, आणि मी बोलू शकत नव्हते म्हणून तेही बोलायचे नाहीत. पाचव्या दिवशी गाठीचा शेवटचा रिपोर्ट आला. गाठ साधी होती. विलास बाहेर जाऊन बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

घरी सोडताना कागदावर सगळं लिहून दिलं होतं. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी. त्यानंतर तासभर काही खायचं नाही. कॅल्शियमच्या गोळ्या जेवणानंतर, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. ड जीवनसत्त्वाची पुडी दर रविवारी दुधातून. विलासनी तो कागद फ्रिजच्या दारावर लावला आणि म्हणाले, "कॅल्शियमचं माझ्याकडं लागलं."

किटली

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे गंगावेशीत दुधाचा कट्टा आहे. सकाळ-संध्याकाळ गवळी म्हशी घेऊन येतात आणि लोक उभे राहून समोर काढलेलं धारोष्ण दूध ग्लासाने पितात. तालमीतली पोरं, फिरून आलेले म्हातारे, सगळे. दूध हातात आलं की फेस बसायच्या आत प्यायचं असतं. फेस बसला की त्यातला जीव गेला, असं इथे मानतात.

विलास रोज सहाला स्कूटर काढायचे. जाताना माझ्या हातात थायरॉइडची गोळी आणि पाण्याचं भांडं द्यायचे. मी गोळी गिळून पडून राहायची. सहा वीसला स्कूटर परत यायची. पितळी किटली, वर झाकण, त्यावर टॉवेल गुंडाळलेला. गाडीचा आवाज ऐकला की मी दारात जायची, कारण त्यांना घरात यायलाही उसंत नसायची. सातच्या पाळीला शिरोली गाठायची असायची. दारातच ते किटलीतून मोठ्या पेल्यात दूध ओतायचे आणि म्हणायचे, "घे, फेस बसंल." मी उभ्या उभ्या प्यायची. रविवारी त्यातच पुडी.

सव्वादोन वर्षं हे चाललं. पावसात टॉवेलवर प्लास्टिकची पिशवी यायची. पंचगंगेचं पाणी वर आलं आणि कट्टा चार दिवस बंद राहिला तेव्हा ते गावाबाहेर उंचावरच्या कुणाच्या तरी गोठ्यावर गेले होते.

माझ्या मुंग्या कमी झाल्या. पण टीएसएच काही उतरेना. शंभरची गोळी होती, एकशेपंचवीस झाली. आकडा अकरा. गोळी दीडशे झाली. डॉक्टरीणबाई राजारामपुरीतल्या, शांत स्वभावाच्या. दर वेळी विचारायच्या, "गोळी उपाशीपोटीच घेता ना? नंतर तासभर काही खात नाही ना?" मी खरं तेच सांगायची, की काही खात नाही. दूध हे मी खाण्यात धरलंच नव्हतं. आमच्याकडे कुणीच धरत नाही.

दीडशेवर आकडा कसाबसा साडेचारला आला. वैशालीची गोळी शंभरची, आकडा अडीच. ती रिपोर्ट आमच्याच फ्रिजवर लावून जायची, म्हणायची, तुमच्याकडं फायली नीट असतात. ती वर गेली की मी दोन कागद शेजारी धरून बघायची. वजन सारखं, वय माझ्याहून पाचच वर्षांनी कमी. ती कुरुंदवाडची, नदीकाठची वांगी खाऊन वाढलेली, म्हणून धडधाकट, असं मी स्वतःला समजवायची. एकदा तिचा आकडा तीनच्या वर गेला तेव्हा मला बरं वाटलं. हे लिहायला मला दोन दिवस लागले.

जेवणाची सुट्टी

विलास मागच्या वर्षी गेले. फौंड्रीत, जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडलेला असताना. हृदय. बावन्न वर्षांचे होते. भाजी मी पडवळाची दिली होती. याहून जास्त मी लिहू शकत नाही.

थरथर

तेरा दिवस घरात माणसं होती. जेवण वरून यायचं, वैशाली करायची. मी थायरॉइडची गोळी मात्र एक दिवस चुकवली नाही. पहाटे उठून स्वतःच भांडं भरून घ्यायची. कॅल्शियमचं म्हणाल तर, जेवतच नव्हते, तर जेवणानंतरच्या गोळ्या कुठल्या. रविवारच्या पुड्या डब्यात साठत गेल्या.

महिनाभरात छातीत धडधड सुरू झाली. बसल्या जागी, जिना चढून आल्यासारखी. हात थरथरायला लागले. शाळेत मुलांच्या कार्डावर तारखेचा शिक्का मारताना तो दोनदा उमटायचा. साडीच्या निऱ्यांत वजन उतरल्याचं कळायचं. झोप नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे वाचता येईना. एक ओळ वाचली की डोळे पुढच्या ओळीवर धावायचे, पहिली हातात राहायची नाही. आयुष्यात माझ्याकडे जे उरलं होतं ते वाचणंच होतं. तेही जाणार असं मला दिसायला लागलं.

सगळे म्हणाले, दुःख आहे, वेळ लागतो. घरच्या डॉक्टरांनी झोपेची हलकी गोळी दिली. मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. माझं काळीज धडधडतं आहे ते त्यांच्यासाठी, हात थरथरतात ते त्यांच्यासाठी. वैशालीकडे सगळं होतं. नॉर्मल आकडा, दोन मुली, आणि तिचे यजमान, सतीशभावजी, संध्याकाळी जिन्यात चपला काढून खोकायचे तो खोकला. वरून दोन कपांचा आवाज आला की मी रेडिओ लावायची. पण एवढं मोठं दुःख तिच्याकडे नव्हतं. ते माझं होतं.

अडीच महिने झाल्यावर एका सकाळी ती खाली आली. मी भाकरी थापत होते आणि ओठांभोवती पुन्हा मुंग्या आल्या होत्या. तिने माझा हात बघितला.

"वैनी, रक्त तपासून घेऊया. मी येते संगट."

मी म्हटलं, नको. ती म्हणाली, हे नुसतं दुःखाचं न्हाय. मग माझ्या तोंडून निघालं ते असं:

"तुला काय कळणार? तुझं सगळंच नॉर्मल असतं."

तव्यावरची भाकरी करपत होती, ती तिने उलटली, गॅस बारीक केला आणि वर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबचा माणूस दारात उभा होता. तिने पाठवला होता.

काय बदललं

टीएसएच शून्याच्या पुढे टिंब, मग पुन्हा शून्य, मग एक. म्हणजे गोळी फार जास्त होत होती. आणि कॅल्शियम इतकं खाली, की डॉक्टरीणबाईंनी आधी माझ्या गालावर टिचकी मारून बघितली. ओठ उडाला.

त्या म्हणाल्या, धडधड, थरथर, वजन, झोप, लक्ष न लागणं, यातलं बरंचसं गोळीमुळे आहे. असंच चालू राहिलं तर हृदयाला इजा होईल. मी ऐकत होते आणि मला चोरी झाल्यासारखं वाटत होतं. एकच गोष्ट वैशालीपेक्षा माझ्याकडे जास्त होती, तीसुद्धा गोळीची निघाली.

"दीडशेवर तुमचं बरं चाललं होतं," डॉक्टरीणबाई जुने कागद चाळत म्हणाल्या. "वजन थोडं उतरलंय, पण एवढा फरक त्यानं पडत नाही. गेल्या तीन महिन्यांत काय बदललं?"

मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले. त्यांना ठाऊक होतं काय बदललं ते.

"माफ करा. औषधांच्या, खाण्याच्या बाबतीत विचारतेय. गोळीची वेळ, दुकान, काहीही."

"काही नाही," मी म्हटलं.

वैशाली माझ्या मागच्या खुर्चीवर दोघींच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती.

"दूध बंद झालं की," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. कसलं दूध, किती, केव्हा. वैशालीच सांगत होती. गंगावेशीतलं. मोठा पेला भरून, अर्ध्या लिटरला थोडं कमी. सहाला गोळी, सहा वीसला दूध. एक दिवस खाडा नाही.

"गोळीनंतर वीस मिनिटांनी? मी तर दर वेळी विचारत होते तुम्हाला."

"तुम्ही खाण्याचं विचारत होता," मी म्हटलं. "आणि ते फेस बसायच्या आत प्यायचं असतं."

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "मी पण इथलीच आहे. माझे वडील न्यायचे आम्हाला. मला विचारायला सुचायला हवं होतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. दुधातलं कॅल्शियम या गोळीला पोटातच धरून ठेवतं, रक्तात पुरती जाऊ देत नाही. म्हणून आकडा उतरत नव्हता, म्हणून गोळी वाढवत गेलो. दूध थांबलं आणि दीडशेची गोळी पहिल्यांदा पूर्ण लागू झाली. शिवाय त्या दुधातून मिळणारं कॅल्शियमही थांबलं.

मला एकच भीती वाटत होती. आता त्या म्हणतील की यजमानांची चूक झाली. पावसात, टॉवेलवर प्लास्टिकची पिशवी बांधून आणलेलं ते सगळं दूध एका वाक्यात चूक ठरेल. मी उठायच्या तयारीत पिशवी मागितली.

"शंभरवर येऊ," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "आणि दूध बंद करू नका. तुम्हाला त्याची गरज आहे. फक्त संध्याकाळी घ्या, आणि उकळून घ्या. वेळ तेवढी चुकली होती."

दीडशेतून शंभर गेले की पन्नास उरतात. पन्नास मायक्रोग्रॅम, डोळ्याला दिसणारही नाहीत एवढे. विलास माझ्या गोळीत तेवढे होते, आणि ते गेल्यावर शरीराला माझ्या आधी हिशेब लागला होता. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. ते दुःखाचं की गोळीचं हे मी तपासलं नाही.

दसरा चौकाच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मी वैशालीला विचारलं, सहा वीस वगैरे तुला एवढं नेमकं कसं माहीत?

ती बाहेर बघत होती.

"गॅलरीतनं बघायची की. रोज. दादा गाडी बंद पण करायचे न्हाईत, तुम्ही दारात पदर सावरत पेला धरायचा." थोड्या वेळाने म्हणाली, "आमच्याकडं पिशवीचं दूध. ते पण मीच आणते."

सिग्नल सुटला. मी तिचे आकडे बघत होते त्या सव्वादोन वर्षांत ती काय बघत होती, हे मला तोवर कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

संध्याकाळ

आठवड्याभरात थरथर कमी झाली. महिन्याने एक पान सलग वाचता आलं. साधंच पान होतं, कुठल्या तरी प्रवासवर्णनातलं, घाटातून उतरण्याचं. मी ते दुसऱ्यांदा वाचलं, फक्त येतं आहे म्हणून.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी इथेच सांगून ठेवते. डॉक्टर 'काही खाता का' असं विचारतात तेव्हा पिता काय तेही सांगा. काढा, ताक, दूध, लोहाची गोळी, ज्याला तुमच्या घरी खाणं म्हणत नाहीत ते सगळं. आणि घरातलं माणूस गेल्यावर होणारं प्रत्येक दुखणं दुःखाच्या खात्यावर टाकू नका. दुःख राहतंच. माझं अजून आहे. पण आता ते धडधडत नाही, बसून असतं.

दोन महिन्यांनी आकडा आला, दोन पूर्णांक एक. वैशालीचा त्या वेळी तीन होता. मी दोन्ही कागद शेजारी धरले आणि मला आनंद झाला, लाज वाटण्याइतका. तिने माझ्या खांद्यावरून बघितलं.

"हरवलं की मला. आता पार्टी द्या."

"काय पाहिजे?"

"दादांच्या कट्ट्यावर न्या."

मी म्हटलं, तुला तर दुधाचा वास येतो. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती हेच सांगत आली होती. "ते पिशवीच्या," ती म्हणाली आणि चप्पल घालायला गेली.

मी या कट्ट्यावर यापूर्वी कधीच आले नव्हते. दूध माझ्या दारात येत होतं, मला यायचं कारणच पडलं नव्हतं. संध्याकाळचे सहा वाजले होते. म्हशी ओळीने उभ्या, शेणाचा आणि ओल्या चाऱ्याचा वास, माणसांची गर्दी. मी किटली नेली होती. कुणाकडे जायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून दोघी कडेला उभ्या राहिलो. एका गवळ्याने, साठीचा असेल, धार काढता काढता वर बघितलं आणि माझ्याऐवजी किटलीकडे बघत राहिला.

"ही साहेबांची न्हवं?"

मी हो म्हटलं. त्याने हात धोतराला पुसले. त्याला फौंड्रीतल्या कुणाकडून कळलं होतं. तो म्हणाला, साहेब लई बोलायचे. आल्यापासून जाईपर्यंत तोंडाला खीळ नाही. म्हशीला नावं ठेवायचे, तालमीतल्या पोरांची फिरकी घ्यायचे. "आणि मला घाई. 'आटप रे बाबा, फेस बसला तर बाई दारात घेणार न्हाय.' म्या म्हणायचो, साहेब, बाई लई कडक हाय का? तर म्हणायचे, कडक न्हाय, पण वाचती लई."

विलास घरात फारसं बोलत नसत. चोवीस वर्षांत त्यांनी कुणाची फिरकी घेतलेली मी ऐकली नाही. या माणसाला रोज सकाळी दहा मिनिटं ते मिळत होते, बोलणारे, हसणारे, आणि मला दारात तीन शब्द. मला त्या गवळ्याचा हेवा वाटला. त्याच्या म्हशीचाही वाटला. तो लपवायचं कारण आता उरलेलं नाही.

त्याने आम्हा दोघींना ग्लास भरून दिले, पैसे घेतले नाहीत, मी किटलीचे ठेवले. वैशालीने ग्लास तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली घेतला. ओठांवर पांढरी मिशी, श्वास लागलेला. बावीस वर्षं दुधाचा वास येणारी बाई. मी तिला रुमाल दिला. तिने तो घेतला, पण मिशी लगेच पुसली नाही.

"घ्या वैनी, फेस बसंल," गवळी म्हणाला.

दूध उकळूनच घ्यायचं हे मी पाळते. त्या एका संध्याकाळचा अपवाद. ग्लास ऊन होता, फेस काठाच्या वर आलेला. सकाळच्या गोळीला बारा तास झाले होते. कुणाची पाळी गाठायची नव्हती, दारात गाडी चालू नव्हती. मी ग्लास दोन्ही हातांत धरला आणि फेस पूर्ण बसेपर्यंत उभी राहिले. हात स्थिर होते. मग प्याले.